मेश्राम काकांचा डबा

मेश्राम काका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा ताटं वाढून झाल्यावर ते टेबलाखाली गेले. मला वाटलं, चमचा पडला असेल. मग खालून ठकठक ऐकू यायला लागली. एका पायावर, दुसऱ्या पायावर, तिसऱ्यावर जरा जास्त वेळ. शेवटी आवाज आला, "हा पाय सिक आहे."

वर आले ते हातात खडू घेऊन. मी दोन रविवार खर्च करून, बोटं सोलून घेऊन जोडलेल्या नव्याकोऱ्या टेबलाच्या पायावर त्यांनी ठळक फुली मारून ठेवली होती. "आता वाढ," ते शांतपणे म्हणाले, "पण डाळीचं भांडं त्या बाजूला नको ठेवू." शेजारी म्हणून आमची ओळख होऊन जेमतेम आठवडा झाला होता. पाहुणे गेल्यावर मी चरफडत वाकून पाहिलं, तर त्या पायाचा स्क्रू खरोखरच अर्धा बाहेर आला होता. त्याने माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

काका मूळचे नागपूरचे. तिकडे ते रेल्वेत ट्रेन एक्झामिनर होते. म्हणजे गाडी सुटण्याआधी हातोडी घेऊन डब्याखाली वाकायचं, चाकं ठोकून बघायची, ब्रेक बघायचे आणि गाडी जाऊ द्यायची की नाही ते सांगायचं. डब्यात खोट निघाली की त्यावर खडूने ‘सिक’ लिहायचं आणि तो गाडीतून काढून बाजूच्या रुळावर उभा करायचा. पुढे काकूंना इंग्लंडमध्ये नर्सची नोकरी लागली आणि काका रेल्वे सोडून त्यांच्या मागोमाग मिल्टन कीन्सला आले. इथेही एका ट्रेन डेपोत त्यांनी रिटायर होईपर्यंत हेच काम केलं. देश बदलला, खिशातला खडू तसाच राहिला.

त्यांना एक शब्द अजिबात चालायचा नाही, तो म्हणजे ‘असेल’. दूध फ्रिजमध्ये असेल, दार लावलं असेल, बस येत असेल. "असेल काय? आहे का नाही?" असं ते लगेच विचारायचे. माझ्यासारख्या प्रोजेक्ट मॅनेजर बाईचं अर्धं पोट ‘असेल’ या शब्दावर चालतं. घरून काम करताना माझं टेबल खिडकीशी असायचं, समोर त्यांचा ड्राइव्हवे, आणि माझं मीटिंगमधलं बोलणं उघड्या खिडकीतून त्यांना ऐकू जायचं. एकदा मी क्लायंटला "It should be done by Friday" म्हणाले, तर बाहेरून गुलाबाची छाटणी करता करता काका ओरडले, "शुड काऊन? डन आहे का नाही?"

एका वर्षी जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे भाड्याची बस करून हॅरोला निघालो होतो. पांढऱ्याशुभ्र साड्या, इस्त्रीचे कुडते, मागच्या सीटवर बाबासाहेबांची मोठी तसबीर बेल्ट लावून बसवलेली. बस सुटणार तेवढ्यात काका उतरले आणि चाकांचे नट एकेक करून ठोकायला लागले. एकोणपन्नास माणसं आत बसून घड्याळ बघत होती. ड्रायव्हर आधी हसला, मग वैतागला, मग तोही उतरला. पाच मिनिटांनी तो निमूटपणे पाना शोधताना दिसला. मागच्या डाव्या चाकाचे दोन नट हाताने फिरत होते म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा वंदना झाली होती, दोन भाषणं झाली होती आणि समोसे संपले होते. समोशांबद्दल लोक काकांना वर्षभर बोलले. नटांबद्दल कोणी बोललं नाही.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या दारात अकरा वर्षं उभा असलेला एक कॅराव्हॅन, म्हणजे कारमागे बांधून न्यायचं चाकांवरचं घर. काका त्याला डबाच म्हणायचे.

डबा काकूंच्या हौसेचा. तीस वर्षं त्या गावोगावच्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या नर्स. बर्फ असो, धुकं असो, स्वतः गाडी चालवत जायच्या. रिटायर झाल्या तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: आपलं घर मागे बांधून वेल्सच्या समुद्रावर जायचं, आणि सकाळी दार उघडलं की समोर पाणी दिसलं पाहिजे. काकांनी हौसेने सेकंडहँड कॅराव्हॅन आणला, दारात लावला, खाली वाकून पाहिलं आणि खडूने लिहिलं: सिक. चाकाच्या बेअरिंगमध्ये त्यांना किंचित हालचाल वाटली. त्या उन्हाळ्यात बेअरिंग बदलले. पुढच्या उन्हाळ्यात हुकाच्या कपलिंगबद्दल शंका आली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काय झालं ते त्यांनाही आठवत नव्हतं. डबा हळूहळू आमच्या जयंती मंडळाचं गोदाम झाला. जयंतीच्या खुर्च्या, बॅनर, स्टीलची साठ ताटं, एक लाउडस्पीकर असं सगळं त्यात. टायरांवर शेवाळ चढलं. काकू दर मे महिन्यात पडदे काढून धुवायच्या आणि परत लावायच्या.

मागच्या वर्षी त्यांनी घर विकायचं ठरवलं. मुलगी मँचेस्टरला, तिच्याजवळ दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. घर घेणाऱ्यांची एकच अट होती, ऑगस्टअखेर ड्राइव्हवे रिकामा हवा. फ्लॅटला डबा लावायला जागा नाही. म्हणजे एक तर डबा रस्त्यावर यायचा, नाही तर भंगारात जायचा. जूनच्या पहिल्या रविवारी चहा पिताना काकू म्हणाल्या, "एकदा तरी. समुद्रावर तीन दिवस. मग खुशाल घाला भंगारात." आवाज अगदी साधा होता. काकांनी कप खाली ठेवला आणि वही काढली.

पहिला धक्का त्यांना फोनवर बसला. कॅराव्हॅनचं एमओटी कुठे करतात, म्हणजे वार्षिक तपासणी, असं त्यांनी गॅरेजला विचारलं. पलीकडच्या बाईने सांगितलं की कॅराव्हॅनला एमओटी लागतच नाही. काका फोन धरून तसेच पायरीवर बसले.

"म्हणजे या डब्याले पाहणारा कोणीच नाही?" ते मला म्हणाले. "एवढ्या मोठ्या देशात? कारले पाहते, ट्रकले पाहते, आणि हा टनभर डबा मागं बांधून कोणीही निघून जाऊन राहिला?"

"मग बरंच आहे की," मी म्हणाले. "तुम्हीच पास करा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईने एक मीटिंग आठवून आत गेले.

मग त्यांनी घरी येणारा कॅराव्हॅन मेकॅनिक बोलावला. गॅरेथ नावाचा, लालबुंद चेहऱ्याचा, मोठा गोड माणूस. त्याने डब्याभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "New tyres, bit of grease, she'll be lovely, mate."

"You have not opened the brake drum," काका म्हणाले.

"Don't think we'll need to."

"You think. I want you to see."

गॅरेथने माझ्या खिडकीकडे पाहून डोळे फिरवले. मीही फिरवले, कारण मला त्याची दया आली. पण चाक निघेना. वर्षानुवर्षं हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे ब्रेकचे पट्टे ड्रमला आतून गंजून चिकटले होते. शेवटी ड्रम सुटला तेव्हा पट्ट्याचा एक तुकडा गॅरेथच्या हातातच आला. "Fair play," तो म्हणाला, म्हणजे मानलं तुम्हाला. दुसऱ्या आठवड्यात गॅरेथ आला तो स्वतःचा टॉर्च आणि गुडघ्याखाली घालायची उशी घेऊन. दोघं डब्याखाली शेजारी शेजारी आडवे, बाहेर फक्त चार पाय. काकू त्या पायांच्या मध्ये चहाचे कप ठेवून यायच्या.

ब्रेक नवे झाले. टायरवर नक्षी चांगली शाबूत होती, पण बाजूला कोरलेल्या तारखेवरून ते फारच म्हातारे निघाले, म्हणून तेही नवे आले. डबा हुकावरून सुटलाच तर आपोआप ब्रेक ओढणारी पातळ वायर असते, ती बदलली. मागचे दिवे लागले. खुर्च्या, ताटं आणि लाउडस्पीकर आमच्या गॅरेजमध्ये आले. ते अजून तिथेच आहेत, मंडळाला आठवण करून करून मी थकले.

मग काकूंनी सामान भरलं, आणि तिथे घोटाळा झाला. डब्याचं नाक कारच्या हुकावर किती भाराने टेकतं, हे मोजावं लागतं. मागे सामान जास्त झालं की नाक हलकं होतं आणि वेग घेतल्यावर डबा रस्त्यावर झोकांड्या खातो. काकांनी माझा बाथरूममधला वजनकाटा मागून नेला, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा केला आणि डब्याचं नाक त्यावर टेकवलं. काटा जेमतेम हलला. त्यांनी मागचं कपाट उघडलं. आत दहा किलो तांदूळ, ज्वारीचं पीठ, दोन प्रेशर कुकर, मिक्सर, सावजी मसाल्याची भलीमोठी बरणी आणि अख्खा दगडी खलबत्ता होता.

"तीन दिवस जायचं आहे का खानावळ काढायची आहे?" काकांनी विचारलं.

"तिकडं काय मिळते?" काकू म्हणाल्या. "आणि गॅरेथला जेवायला बोलावलं आहे मी. त्याची बहीण तिथंच राहते."

दुपारभर दोघं एकेक वस्तू काट्यावर ठेवून वाद घालत होते. एक कुकर परत घरात गेला. मिक्सर गेला. खलबत्त्यावरून काकू हटेनात, तेव्हा तो चाकांच्या बरोबर वर, मधल्या बाकाखाली ठेवायचं ठरलं. माझा काटा त्यानंतर मला दोन किलो जास्त दाखवतो. निदान मी तरी तसंच समजते.

जुलै संपला. काकांच्या वहीत सत्तेचाळीस कलमं झाली होती आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण होती. निघायचा शनिवार ठरला. गुरुवारी काका म्हणाले, पुढच्या छोट्या चाकाचा आवाज बरोबर नाही. शुक्रवारी म्हणाले, या शनिवारी नको, वारा आहे. पुढच्या शनिवारी म्हणाले, ब्रेक परत एकदा उघडून पाहतो. खुद्द गॅरेथ म्हणाला, "Mate, there's nothing left to open."

त्या दिवशी काकू घरातून बाहेर आल्या. हातात थर्मास, उशी आणि विणकाम. त्या डब्यात जाऊन बसल्या आणि आतून कडी लावली.

"काय करून राहिली तू?" काकांनी खिडकीशी जाऊन विचारलं.

"मी इथंच राहते," आतून आवाज आला. "भंगारवाला येईल तेव्हा त्याला सांगा, मलाही घेऊन जा."

अर्धा तास झाला, तास झाला. काका उलट्या बादलीवर बसून होते. मी मध्यस्थी करायला बाहेर गेले, पण खरं तर मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्या बाईने अकरा वर्षं धुतलेले पडदे मी रोज पाहत होते. "काका, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. "डबा ठीक आहे. तुम्हालाही माहीत आहे."

ते खाली बघत बोलायला लागले. तिकडे नवे नवे नोकरीला लागले होते तेव्हाची गोष्ट. एक मालगाडी लेट झालेली, स्टेशन मास्तर डोक्यावर उभा. एका डब्याचा ॲक्सल त्यांना गरम वाटला होता. मास्तर म्हणाला, ठीक असेल, सोड. "मीही म्हटलं, ठीक असेल. सही केली." पुढच्या दोन स्टेशनांनंतर तो ॲक्सल जळायला लागला. मागच्या गार्डने धूर पाहिला आणि गाडी थांबवली म्हणून निभावलं. तिच्या मागून पॅसेंजर गाडी येत होती.

"कोणाले काही झालं नाही. मले कोणी काही बोललंही नाही," काका म्हणाले. "पण तो तर माल होता ना, बाप्पा. या डब्याच्या पुढं ती बसणार आहे."

माझा सगळा राग उतरला. आत विणकामाच्या सुयांचा आवाज थांबला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी उगाच विचारलं, "रेल्वेत सही तुमच्या एकट्याची असायची का?"

"एकट्याची कशी? सर्टिफिकेटवर ड्रायव्हरची पण लागते, गार्डची पण. त्यांनी वाचून सही केल्याशिवाय गाडी हलत नाही."

"मग इथे ड्रायव्हर कोण आहे?"

कडी निघाली. काकू दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "द्या ती वही."

पायरीवर बसून, चष्मा लावून त्यांनी सत्तेचाळीसही कलमं मोठ्याने वाचली. तीस वर्षं पेशंटचे चार्ट वाचणारी बाई, एकही ओळ सोडली नाही. हे म्हणजे काय, ते कोणी पाहिलं, कधी पाहिलं, दाखवा. दोनदा काकांना डब्याखाली जाऊन दाखवावं लागलं. शेवटचं कलम झाल्यावर त्यांनी पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"आरसे कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"कुठले आरसे?"

"डबा कारपेक्षा रुंद आहे. कारच्या आरशात मला मागचं काहीच दिसणार नाही. दोन्ही बाजूंना लांब आरसे बसवावे लागतात. कायदा आहे."

काका गडबडले. "मागचं तर गार्ड पाहते."

"गार्ड कुठं आहे?"

काकांनी खरोखरच डब्याच्या मागच्या टोकाकडे पाहिलं. आयुष्यभर या माणसाने डब्याच्या खालचं सगळं पाहिलं होतं. डब्याच्या मागे काय चाललंय हे बघायला तिथे दुसरा माणूस असतो, हे त्यांच्या हाडात इतकं मुरलं होतं की सत्तेचाळीस कलमांत आरसा नावालाही नव्हता.

"आणि नंबर प्लेट?" काकूंनी विचारलं.

"टाकला ना नंबर." त्यांनी डब्याच्या कुशीवर पिवळ्या रंगाने, रेल्वेच्या डब्यावर असतो तसा पाच आकडी नंबर रंगवला होता. अक्षर सुरेख होतं.

"मागं आपल्या कारचा नंबर लागतो, अहो. पोलीस पहिल्या राउंडअबाउटवर धरतील."

"तुले हे सगळं कोणी सांगितलं?"

"मे महिन्यात दोन शनिवार मी महिला मंडळात जात नव्हते," काकू म्हणाल्या. "टोइंगच्या क्लासला जात होते. रिव्हर्स पण येतो मला."

मला वाटलं, आता काका चिडणार. पण ते हसायला लागले, पोट धरून, डोळे पुसत, आणि मी त्यांना तसं हसताना त्यापूर्वी कधीच पाहिलं नव्हतं. काकूंनी आपल्या हाताने अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास अशी कलमं लिहिली, काम झाल्याशिवाय खूण करणार नाही म्हणाल्या, आणि सोमवारी आरसे आणि प्लेट लागल्यावरच खाली सही केली. मग काकांनी सही केली. गार्डच्या जागी माझी घेतली. मी वाचायला लागले तर काका खूश झाले.

ते समुद्रावर पोचले. काकूंनी फोटो पाठवला, उघडं दार आणि त्यात पाणीच पाणी. ते परत येईपर्यंत मी पुण्याला गेले होते आणि मी परत येईपर्यंत ते मँचेस्टरला. त्यामुळे मी काकांना शेवटचं पाहिलं ते ते निघाले त्या शनिवारी सकाळी, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या राउंडअबाउटच्या गोल चौकात.

काकू गाडीत, मागे डबा, आणि काका चालत पुढे. सात वाजले होते, रस्ता मोकळा होता. ते गवतावर उकिडवे बसले. रेल्वेत गाडी स्टेशनात शिरताना एक्झामिनर रुळाशेजारी असाच बसायचा म्हणे, चालत्या डब्याचं खालचं दिसावं म्हणून. त्यांनी हात केला आणि काकूंनी राउंडअबाउटला सावकाश वळसा घालायला सुरुवात केली. एक फेरी झाली. काका उठून मधल्या बेटावर गेले, दुसरी बाजू पाहायची होती. दुसरी फेरी झाली. एका पांढऱ्या व्हॅनवाल्याने हॉर्न दिला, काकूंनी त्याला हात हलवून अभिवादन केलं. तिसऱ्या फेरीला त्यांनी काच खाली केली.

"अहो, पाहून झालं का?"

काकांनी बोटाने आणखी एक फेरी मागितली. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. डबा समोरून गेला, निळ्या फुलांचे पडदे, नवे टायर, सगळं.

"काय दिसतंय काका?"

"काहीच दिसून नाही राहिलं," ते म्हणाले. चष्मा हातात होता आणि डोळे भरून वाहत होते. "तू पाहून सांग ना. चाक सरळ चालून राहिलं का?"

मी वाकले, गवतावर हात टेकले आणि नीट पाहिलं. "सरळ चाललंय, काका."

त्यांनी परत विचारलं नाही. माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले, चष्मा लावला आणि पलीकडे बसस्टॉपपाशी गाडी थांबवलेल्या काकूंच्या शेजारी जाऊन बसले. ते खिडकीतून डोकं काढून मागे चाकाकडे बघतील म्हणून मी तिथेच थांबले होते. वळणावर गाडी आडवी झाली, तेव्हा डब्याच्या पुढे काचेतून मला त्यांचं डोकं दिसलं. ते समोर बघत होते.